वाट्याला आलेली टेकडी

पहिल्या सत्रात रोशनी गेडामला गणितात एक्याण्णव गुण पडले. त्याच गुणांच्या जोरावर ती डॉ. लीना पाथराबे यांच्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांत तोंड काळवंडून बाहेर आली.

धाम नदीच्या काठी, वर्ध्यापासून जरा आडबाजूला ते नवं तंत्रविद्यापीठ होतं. पाथराबे मॅडमचा गट पुराचं गणित मांडायचा. कुठल्या नदीत किती पाणी आलं म्हणजे ते कुठून कुठे पसरेल आणि कुठल्या वस्तीला किती वेळ मिळेल, हे आधी सांगायचं. रोशनी आरमोरीची. तिच्या लहानपणी वैनगंगेचं पाणी दोनदा घरात शिरलं होतं, आणि दोन्ही वेळा ते कोणत्या बाजूने येईल याबद्दल लोकांनी बांधलेले अंदाज चुकले होते. बाकीच्या पोरी कोणती शाखा घ्यायची यावर वाद घालत होत्या तेव्हा हिचं कधीच ठरलं होतं. या गटात शिरायचं.

मॅडमनी फळ्यावर एकात एक अशी चार-पाच वेडीवाकडी वर्तुळं काढली. शाळेच्या भूगोलात असतात तशा समोच्च रेषा. मध्ये डोंगराचं टोक. मग एका रेषेवर ठिपका ठेवून त्या म्हणाल्या, इथे पाण्याचा थेंब सोडला तर तो कुठल्या दिशेने निघेल, बाण काढ, आणि का ते सांग.

रोशनीने विचारलं, फलन काय आहे? सूत्र?

मॅडमनी एक सूत्र लिहून दिलं. रोशनीने झरझर दोन आंशिक विकलनं काढली, ठिपक्याचे आकडे घातले, कंसात दोन संख्या लिहिल्या आणि खाली ‘ग्रेडियंट’ असं लिहून चौकट केली. उत्तर बरोबर होतं. मॅडम म्हणाल्या, छान, आता हा बाण चित्रात काढ. थेंब याच दिशेने जाईल की उलट? आणि रेषेशी याचा कोन किती?

खडू हातात तसाच राहिला. दोन संख्या म्हणजे बाण, हे तिने ऐकलं होतं. तो बाण डोंगरावर कुठेतरी उभा असतो, त्याला काही सांगायचं असतं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

“एक्याण्णव?” मॅडमनी एवढंच विचारलं आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

वसतिगृहाकडे परतताना रोशनीला स्वतःचाच भयंकर राग आला होता. आपण घोकून पास होणारी ढ मुलगी आहोत, असं तिने स्वतःला वाटभर ऐकवलं. खोलीत मिहिका टिळेकर बसली होती. ही नाशिकची, दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलेलं. रोशनीने तिला झालेलं सांगितलं. मिहिकाने पाण्याच्या बाटलीचं झाकण टेबलावर ठेवलं, त्याभोवती बोट फिरवलं आणि म्हणाली, तू एकाच समोच्च रेषेवरून चाललीस तर उंची बदलत नाही ना? म्हणजे त्या दिशेने बदल शून्य. मग सगळ्यात जास्त चढ कुठे असणार? रेषेला काटकोनात. ग्रेडियंट तिकडे बोट दाखवतो, सरळ वर. पाणी त्याच्या बरोब्बर उलट, खाली.

रोशनी झाकणाकडे बघत राहिली. इतकं साधं होतं हे. तिने विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मिहिका म्हणाली, कुणी म्हणजे? दिवटीने. तुला नाही?

दिवटी म्हणजे त्या विद्यापीठातली गणित शिकवणारी संगणक-यंत्रणा. आता तिथे गणिताची व्याख्यानं होतच नसत. प्राध्यापक संशोधन करत आणि प्रयोगशाळा बघत. व्हेक्टर, वक्र पृष्ठभाग, दुहेरी-तिहेरी संकलनं हे सगळं प्रत्येकाने आपापल्या संगणक-पाटीवर दिवटीकडून शिकायचं. पाटीच्या वरच्या कडेला दोन बारीक कॅमेरे होते. विद्यार्थ्याच्या डोळ्यातली बाहुली केव्हा मोठी होते, नजर कोणत्या ओळीवरून मागे फिरते, लेखणी कुठे अडते, किती वेळ अडते, हे ते टिपत. त्यावरून दिवटी प्रत्येकाचा मनातल्या मनात एक नमुना तयार करी आणि पुढची मदत त्या नमुन्याला बेतून देई. मूल अडखळण्याआधीच हात मिळायचा. आईबापांना हे फार आवडलं होतं. वर्गातल्या शंभरांत मागे राहणाऱ्या पोराला आता स्वतःचा शिक्षक होता.

दोघींनी पाट्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि एकच प्रश्न विचारला. एका पृष्ठभागाला एका बिंदूपाशी स्पर्श करणारं प्रतल काढायचं होतं. मिहिकाच्या पाटीवर एक वाकडं भांडं हळूहळू फिरू लागलं आणि खाली प्रश्न आला: या बिंदूपाशी खूप जवळ जाऊन पाहिलं तर पृष्ठभाग कसा दिसेल असं तुम्हाला वाटतं? रोशनीच्या पाटीवर तीन पायऱ्या आल्या. पहिली, आंशिक विकलनं काढा. दुसरी, आकडे घाला. तिसरी, या चौकटीत भरा. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, हा प्रश्न परीक्षेत सहा गुणांना येतो.

रोशनीने आपल्या पाटीला विचारलं, चौकट अशीच का? दिवटीने भांड्याचं चित्र दाखवलं, समजवायला सुरुवात केली. रोशनी वाचत होती, दोन वाक्यं मागे जाऊन पुन्हा वाचत होती. अर्धं पान होण्याआधीच चित्र निघून गेलं. “आपण एक उदाहरण सोडवून पाहू,” दिवटी मृदू आवाजात म्हणाली. “तुमच्यासाठी ही पद्धत अधिक परिणामकारक ठरते.”

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच झालं. ती विचारात पडून थांबली की दिवटी ते थांबणं म्हणजे अडचण समजायची आणि तिला उचलून सपाटीवर आणून ठेवायची.

मिहिका चुळबुळली. मग तिने जे म्हणायला नको होतं ते म्हटलं. “कदाचित दिवटीला कळलं असेल तुला काय झेपतं ते. तुझे मार्क तर माझ्यापेक्षा जास्त आहेत.”

वाईट हेतू नव्हता त्यात. पण रोशनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पाटी उचलली आणि बाहेर पडली. त्यानंतर बरेच दिवस दोघी एका खोलीत राहून एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या.

जेवणघरात तिने एक उद्योग सुरू केला. ताट घेऊन कुणाच्याही समोर बसायचं आणि विचारायचं, ग्रेडियंट कुठल्या दिशेला असतो? काहींनी हाताने हवेत डोंगर काढून दाखवला. काहींनी सूत्र म्हणून दाखवलं आणि डोंगराचं विचारताच ते गोंधळले. आठवडाभरात तिला गाव ऐकल्यावर उत्तर ऐकण्याची गरज उरली नाही. किनवटचा, धारणीचा, अक्कलकुव्याचा, कुरखेड्याचा, असा दूरच्या तालुक्याचा म्हटलं की सूत्र; मोठ्या शहराचा म्हटलं की डोंगर. वाटेत कुठे अपवाद भेटला की तिला जरा बरं वाटायचं, पण तसे फार भेटले नाहीत.

मग ती प्रा. गिरीश बोबडे यांच्याकडे गेली. विद्यापीठात दिवटी आणणारे तेच. तिने भांडायची पूर्ण तयारी केली होती, पण बोबडे सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि काहीच नाकारलं नाही. उलट त्यांना तिचं कौतुक वाटलं.

ते फळ्याकडे गेले. म्हणाले, समज, उंची म्हणजे तुझे गुण. आणि जमिनीवरच्या दिशा म्हणजे मी मदत कशी देतो ते: कारण किती सांगायचं, उदाहरणं किती द्यायची, एकटं किती वेळ सोडायचं. अशा दिशा खूप आहेत, पण आपण दोनच धरू. म्हणजे तयार झाला एक डोंगराळ प्रदेश, प्रत्येक मुलाचा वेगळा. दिवटीला हा सगळा प्रदेश दिसत नाही. डोळे बांधलेल्या माणसासारखी ती पायाखालचा चढ तेवढा चाचपते. ज्या दिशेला चढ सगळ्यात जास्त, तिकडे एक पाऊल. परत चाचपायचं, परत पाऊल. तोच तुझा ग्रेडियंट. अशी ती तुला वर नेते, आणि जिथून सगळीकडे उतारच लागतो तिथे थांबते.

“म्हणजे डोंगराच्या माथ्यावर,” रोशनी म्हणाली.

“एखाद्या माथ्यावर,” सर म्हणाले, आणि त्यांनी फळ्यावर एक टेकडी काढली, शेजारी दरी आणि दरीपलीकडे उंच डोंगर. टेकडीच्या माथ्यावर त्यांनी ठिपका ठेवला. डोंगरावर जायचं तर आधी खाली उतरावं लागतं. कारणं समजून घेताना मूल गोंधळतं, वेळ जातो, गुण घसरतात. दिवटीला फक्त चढ कळतो, त्यामुळे ती दरीत उतरत नाही. मिहिकासारख्या मुली शाळेतच डोंगराच्या उतारावर पोचलेल्या असतात, त्यांना दरी लागतच नाही.

रोशनी फळ्याकडे पाहत होती. तिला ग्रेडियंट आता पुरता समजला होता. डोंगर दिसत होता, बाण दिसत होता, बाण कुठे लहान होत होत नाहीसा होतो ते दिसत होतं. आपल्याला हे का शिकवलं नाही, ते सांगता सांगता या माणसाने ते शिकवून टाकलं होतं, तेही चहा गार व्हायच्या आत. त्या क्षणी तिला आला तसा राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

“तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं,” ती म्हणाली.

“अर्थात. या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.” ते खुर्चीत बसले. दिवटी येण्याआधी काय व्हायचं ते त्यांनी सांगितलं. रोशनीसारखी निम्मी मुलं पहिल्याच वर्षी गणितात गचकायची आणि गावी परत जायची. आता जवळपास सगळी पास होतात, नोकरीला लागतात. दिवटी कुणाचं गाव विचारत नाही, जात विचारत नाही. “तुला दरीत सोडलं असतं आणि तू वर आलीच नसतीस, तर जबाबदार कोण?”

“मी,” रोशनी म्हणाली. “ती जोखीम माझी होती, सर. तुम्ही मला विचारलं नाही. आणि गाव विचारायची गरजच काय आहे तिला? आम्ही कुठून निघालो ते तिला पहिल्या आठवड्यात डोळ्यांतच दिसतं.”

सरांनी उठून फळा पुसला. नंतर म्हणाले, नियमाप्रमाणे तुला दिवटी बंद करता येते. पण मी तसं करू नकोस असंच सांगेन.

तिने ती त्याच दिवशी बंद केली.

दुसऱ्या सत्रात सूत्रं सोडून कारणांच्या मागे लागायचं म्हणजे काय, हे तिला लवकरच कळलं. ग्रंथालयातली जुनी पुस्तकं तिने काढून आणली. एकेका पानावर एकेक दुपार जायची. वक्र रेषेवरून संकलन करायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं, यावर ती तीन दिवस डोकं आपटत बसली. प्रयोगशाळेमागच्या रिकाम्या खोलीत ती बसायची. हळूहळू जेवणघरातली सूत्रवाली मुलं तिथे येऊ लागली. दारात पाट्या ठेवायच्या आणि आत यायचं, एवढाच नियम. फळ्यावर कुणीतरी चुकायचं, बाकीचे भांडायचे. आवाज बाहेरपर्यंत जायचा. अक्कलकुव्याचा वसंत पाडवी सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायचा. पृष्ठभागातून वाहणारं पाणी मोजायचं तर लंब दिशाच का घ्यायची, यावर त्याने एकदा सगळ्यांना संध्याकाळपर्यंत अडवून धरलं, आणि शेवटी स्वतःच उघड्या खिडकीकडे बोट दाखवून उत्तर दिलं: वारा खिडकीला समांतर गेला तर आत काय येणार?

मधल्या परीक्षेत सगळेच आपटले. रोशनीला एकोणतीस गुण मिळाले. विद्यापीठाकडून आपोआप घरी निरोप जायचा, तसा गेला. तिचे वडील एसटीत चालक होते. निरोप मिळाला त्याच दिवशी त्यांनी ब्रह्मपुरीच्या थांब्यावरून फोन केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि ती ऐकून रोशनीला आणखीच चीड आली.

“काहून असं करून राह्यली, बाई? एक्याण्णव होते नं तुले?”

“ते माझे नव्हते, बाबा.”

“मंग कोणाचे होते?”

तिने सांगायचा प्रयत्न केला. टेकडी, दरी, डोंगर. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मले हे नाही समजत. पण मशीन फुकट शिकवते म्हणते, अन् तू नाही म्हणते. सांभाळून कर.” गाडीची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांची समजूत पटली नव्हती, आणि ती पटेल असं काही तिच्या हातात नव्हतं.

वार्षिक परीक्षेत रोशनी चव्वेचाळीस गुणांवर कशीबशी सुटली. खोलीतले बरेचसे तिच्यासारखेच सुटले. चौघं नापास झाले, त्यांत वसंत होता. त्याची शिष्यवृत्ती गेली. तो निघाला तेव्हा रोशनी सामान घेऊन त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. तिथे तिने सामान त्याच्या हाती दिलं. तोच म्हणाला, मला तू ओढून नेलं नव्हतंस, मी आलो होतो. हे त्याने तिच्यासाठी म्हटलं, की त्याला खरंच तसं वाटत होतं, ते तिला कधीच कळलं नाही. बोबडे सर जे म्हणाले होते ते खरं झालं होतं. तिला त्यांचा राग यायचा, आणि आता त्या रागात स्वतःचाही वाटा होता.

चव्वेचाळीस गुणांवर पुराच्या गटात प्रवेश नव्हता. तरी ती पाथराबे मॅडमकडे गेली, कारण न जाणं तिला जमलं नाही. मॅडमनी तोच प्रश्न विचारला नाही. त्यांनी एका खऱ्या नदीपात्राचा नकाशा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, बोल. रोशनी बोलत गेली. कुठे चढ सौम्य आहे, कुठे पाणी फुटेल, एका वळणापाशी गणितातलं गृहीतकच का लंगडं पडतं. मॅडमनी मधे एकदा तिला थांबवून चूक दाखवली, तिने ती मान्य केली आणि पुढे गेली.

“नियमाने मी तुला घेऊ शकत नाही,” शेवटी मॅडम म्हणाल्या. “पुढच्या सत्रात पंच्याहत्तर आण. तोवर येऊन बसत जा.”

“मॅडम, तुम्ही व्याख्यानं का बंद होऊ दिलीत?”

मॅडमनी नकाशाची गुंडाळी केली. संशोधनाला वेळ मिळाला, म्हणाल्या. मला तो हवा होता. एवढं सांगून त्यांनी विषय संपवला, पण रोशनीने तो मनातून सोडला नाही, फक्त त्या दिवशी वाढवला नाही. तिसऱ्या सत्रात तिला एक्क्याऐंशी गुण पडले आणि पुराच्या गटात जागा मिळाली. या वेळी फळ्यावर कुठलाही प्रश्न आला तरी ती खडू घेऊन उभी राहू शकत होती. मिहिकाने अभिनंदन केलं. रोशनी हसली, पण ती पहिली मैत्री परत आली नाही.

त्या सुमारास बोबडे सर प्रयोगशाळेमागच्या त्या खोलीच्या दाराशी आले. पाटी त्यांनी बाहेर ठेवली आणि आत येऊन शेवटच्या बाकावर बसले. सगळे गेल्यावर म्हणाले, तुमच्यातली जी मुलं टिकली ती दिवटीच्या अंदाजापेक्षा बरीच वर गेली. दरी कशी ओलांडायची ते दिवटीला शिकवता येईल. त्यासाठी या खोलीत कॅमेरे लावायची परवानगी हवी. “या वेळी मी विचारतोय,” ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते.

रोशनीने विचारलं, मग दिवटी सगळ्यांना कारणं सांगेल? सर म्हणाले, जे मूल दरीतून वर येईल असं तिला वाटेल, त्याला. बाकीच्यांना पूर्वीसारखंच. वसंतसारख्यांचं नुकसान त्यामुळे टळेल.

“म्हणजे पुन्हा तीच ठरवणार.”

“कुणीतरी ठरवायलाच हवं.”

“मुलांना ठरवू द्या. पहिल्या दिवशी सरळ सांगा: हा रस्ता सोपा आहे आणि इथवर जातो, हा अवघड आहे आणि यात पडायची भीती आहे. मग त्यांना निवडू द्या.” सर म्हणाले, बहुतेक जण सोपाच घेतील. ती म्हणाली, घेऊ देत, पण त्यांनी घेतलेला असू दे. तेवढं केलंत तर लावा कॅमेरे.

सरांनी शब्द दिला, आणि आपल्या परीने पाळलाही. जूनमध्ये नवी मुलं आली तेव्हा नोंदणीच्या पडद्यावर तो प्रश्न खरोखरच होता. लांबलचक अटींच्या तळाशी, बारीक अक्षरांत: ‘मार्गदर्शनाची पद्धत विद्यार्थ्याच्या क्षमतेनुसार प्रणालीने निवडावी.’ शेजारी चौकोन, आणि चौकोनात आधीच बरोबरची खूण. मुलं न वाचता अंगठा टेकवत पुढे सरकत होती. बोबडे सरांना तिने फोन लावला. त्यांनी सांगितलं की शब्दरचना दिवटी बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी केली आहे, आपण बोलणार आहोत. त्यांचा आवाज थकलेला होता.

रोशनी खोलीतल्या कुणालाही काही न सांगता नोंदणीच्या दालनात गेली आणि रांगेच्या तोंडाशी उभी राहिली. प्रत्येक मुलाला थांबवून ती तळाची ओळ मोठ्याने वाचून दाखवू लागली, आणि मग तिचा अर्थ साध्या मराठीत. रखवालदाराने हटकलं तेव्हा ती म्हणाली, लिहिलंय तेच वाचते आहे. तो दोन मिनिटं घुटमळला आणि निघून गेला.

दुपारी एक सडपातळ मुलगी आली. जिवतीची, असं तिने सांगितलं. ती सगळं नीट ऐकत राहिली आणि मग विचारलं, “अवघड रस्त्यावर पडलं तर काय होतं?”

रोशनीला खोटं बोलणं सोपं होतं. तिने वसंतचं सांगितलं. शिष्यवृत्ती, फाटक, सगळं. आपले एकोणतीस आणि चव्वेचाळीसही सांगितले. मुलगी पडद्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी तिने चौकोनातली खूण आहे तशीच ठेवली, अंगठा टेकवला, रोशनीकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलून निघून गेली.

 रोशनीला राग आला होता, पण तो त्या मुलीवर नव्हता. तिने रांगेतल्या पुढच्या मुलाला पडद्यासमोर बोलावलं.

“अंगठा थांबव,” ती म्हणाली. “आधी ऐक.”